पायांची भरती

खानदेशात पाय बघून माणूस निवडायची रीत दोनशे वर्षांची आहे. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. त्याआधी कंपनी सरकारने भिल्लांना बंदुकीच्या धाकाने वठणीवर आणायचा खटाटोप करून पाहिला होता, पण डोंगरात शिरलेले सैनिक तापाने फणफणून पडायचे. आउट्रम भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला आणि डोंगर चढण्यात जे कोणाला हार जात नाहीत त्यांनाच पगार देऊन डोंगर राखायला लावलं. ती पलटण पुढे पोलिसांत मुरली. आदिवासी पोराचे पाय आणि शिपायाची नोकरी ही सांगड आमच्याकडे तेव्हापासूनची आहे.

मी देवपुरातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होते. पोरं मॅडम म्हणायची, धीट पोरी ताई म्हणायच्या आणि डोंगरातले आई-बाप नुसतं बाई. आउट्रमच्या पलटणीवर पुस्तकं झाली आहेत. आमच्या कॉलेजांनी धावपटूंची जी भरती केली तिच्यावर कोणी काही लिहिलेलं माझ्या तरी बघण्यात नाही, म्हणून हा खटाटोप.

देवपूर म्हणजे पांझरेच्या उत्तरेचं धुळं. कंपनी सरकारच्या ब्रिग्जसाहेबाने आखलेल्या सरळ रस्त्यांचं जुनं गाव नदीपलीकडे. अलीकडे एकवीरा देवी आणि गेल्या साठेक वर्षांत उभी राहिलेली कॉलेजं, वसतिगृहं, क्लासेस, खानावळी. साक्री, शिरपूर, शहाद्याकडचा मुलगा धुळ्याला शिकायला आला की बहुधा देवपुरातच खोली करतो. पहाटे पाचला नकाणे रोडला किंवा गोंदूरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला उभं राहिलं तर अंधारात नुसत्या पावलांचे आवाज येतात. त्यातले निम्मे पोलीस भरतीचे आणि निम्मे कॉलेजच्या क्रॉसकंट्रीचे. बऱ्याचदा दोन्ही एकच.

आम्ही शिकत होतो तेव्हा असं नव्हतं. खानदेशातली पहिली मोठी कॉलेजं, अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा, 1945 ची. ती मुंबई विद्यापीठात सुरू झाली. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघालं आणि खानदेश तिकडे गेला. विभागातून निवड झाली की रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला निघायचं, सकाळी शिवाजीनगरला उतरून नळावर तोंड धुवायचं आणि मैदान गाठायचं. विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात जागा सहा. त्या पुण्या-नगर-नाशिकची पोरं भरून टाकायची. धुळ्याच्या वाट्याला प्रवासभत्ता आणि पायाला फोड. त्यामुळे धावपटू शोधायला डोंगरात जावं असं कोणाच्या मनातही येत नसे. वर्गात जो बसलेला असेल त्यातलाच कोणीतरी उठून पळायचा.

मुलींचं तर विचारू नका. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरनंतर बायका कोसळल्या असा गवगवा झाला आणि 1960 पर्यंत ती शर्यतच बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली 1984 ला, दहा हजार मीटर 1988 ला. त्या भीतीचं शेपूट देवपुरापर्यंत पोचलेलं होतं. तीन हजारांच्या पुढे मुलींना कोणी पळू देत नसे. शर्यतीआधी सर खाली बघत विचारायचे, "काही त्रास नाही ना?" आम्ही खाली बघत म्हणायचो, "नाही सर." झाली वैद्यकीय तपासणी.

15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. 2018 पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. शिक्षणाच्या दृष्टीने त्याने काय बदललं हे प्राध्यापक मंडळी सांगतील. मैदानावर काय बदललं ते मी सांगते. सहा जागा आता घरच्या झाल्या. पुण्याला जाऊन हरायची गरज उरली नाही. विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, मग निवड शिबिर, आणि तिथून थेट अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. पंचवीस वर्षांच्या आतल्या कोणाही विद्यार्थ्याला विद्यापीठाचा कलर कोट अंगावर घेता येईल अशी सोय झाली. आणि कलर कोट म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याने एखाद्या पाड्यावर लग्नात तो घालून आलेला मुलगा बघावा. नवरदेवाकडे कोणी बघत नाही.

जागा आल्या तशी शोधाशोधही आली. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आमच्या भागात चार : धुळे, नंदुरबार, तळोदा आणि यावल. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा हिवाळ्यात होतात. तिथे आम्ही क्रीडा संचालक मंडळी जाऊन बसायला लागलो. वरवर प्रमुख पाहुणे म्हणून, खरं म्हणजे बाजार बघायला. काळ्या मातीत फक्कीने आखलेला ट्रॅक, चौथ्या फेरीपर्यंत पुसलेला. त्यावर अनवाणी पोरं तीन हजार मीटर असं पळायची की घड्याळाच्या काट्यावर विश्वास बसू नये. असं थक्क होणंही नवीन नाही. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची अनवाणी पोरं बघून दोराबजी टाटा असेच चकित झाले होते. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक काढला.

स्पर्धा संपली की पोराला बाजूला घ्यायचं. बारावीला कुठे आहेस, पुढे काय करणार, आमच्याकडे ये. फी बघून घेऊ, वसतिगृहात नंबर लावू, ट्रॅकसूट, बूट, बाहेर स्पर्धेला गेलास तर डीए. तोपर्यंत चोपड्याचे किंवा शहाद्याचे सर दुसऱ्या बाजूने येऊन हेच सांगून गेलेले असायचे. मग शेवटची गाठ बापाशी. बापाचं गणित वेगळं असतं. दिवाळी झाली की साक्री, नवापूर, अक्कलकुव्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, बारडोलीच्या अंगाला. तोडणीच्या जोडीला कोयता म्हणतात, पोरगा कॉलेजात गेला म्हणजे अर्धा कोयता मोडला. पिंपळनेरच्या पुढच्या एका पाड्यावर एका आबांनी मला सरळ विचारलं होतं, "बाई, पोरगा पयस ते खरं. पन पयीसन काय भेटस?"

"आबा, पोलिसात लागी जाई," मी म्हटलं.

हेच उत्तर सगळेच संचालक द्यायचे. ते खोटं नव्हतं. 30 एप्रिल 2005 च्या शासन निर्णयाने खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण मिळालं, तेव्हापासून तर ते कागदावर दाखवता यायला लागलं. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणत्या गटाच्या पदाला चालतं याचे तक्ते खेळाडूंना तोंडपाठ असतात, अभ्यासक्रम नसला तरी चालेल. त्यात 2010 आलं. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं, राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 2017 मध्ये नाशिकच्याच संजीवनी जाधवने तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य आणलं. मग काय, प्रत्येक प्राचार्यांना आपल्या कॉलेजात एक कविता राऊत हवी झाली, तीही कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आत. नॅकच्या कागदात खेळातल्या पदकांचा रकाना असतो. नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग सरांनी एकेका पोरीवर वर्षानुवर्षं घालवली, त्याचा रकाना मात्र त्या कागदात नाही.

आता पदकांचा हिशेब कसा चालतो ते सांगते, कारण दुखणं तिथेच आहे. क्रॉसकंट्रीत सहा जणांचा संघ, धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज, ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला.  मैदानी स्पर्धांत प्रत्येक पदकाला गुण आणि गुणांवर सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल. त्यामुळे एखाद्या पावरा मुलाच्या फुप्फुसांत दम आहे असं दिसलं की त्याच्यामागे पंधराशे, पाच हजार, दहा हजार आणि वर रिले लागायची. दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी ढालीबरोबर फोटो. त्या फोटोत तो मुलगा एका पायावर भार देऊन उभा असायचा, हे बारकाईने बघितलं तरच कळतं.

नडगीचं दुखणं हा या धंद्यातला नेहमीचा पाहुणा. अठरा वर्षं मातीत अनवाणी चाललेला पाय एकदम बुटात जातो आणि डांबरी रस्त्यावर आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर पळायला लागतो. हाडाला सवय व्हायच्या आत हिशेब मागितला जातो. आमच्याकडे ना हाडांचे डॉक्टर मैदानावर, ना फिजिओ. मी अंगठ्याने बघायची. पोराला बाकावर बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू वरून खाली न्यायचा. सगळ्या कडेला सारखंच दुखत असेल तर स्नायूंच्या आवरणाची सूज, थोड्या विसाव्याने उतरते. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा पडला आणि पोरगा बाकावरून उडाला, तर हाडाला बारीक चीर आहे असं धरून चालायचं. एक्स-रेवर ती पहिले दोन-तीन आठवडे दिसतसुद्धा नाही. मग सहकारी म्हणणार, "मॅडम, एक्स-रे तर क्लिअर आहे." आणि डायक्लोफेनॅकची सुई देऊन मुलगा उभा केला जाणार. ती सुई दुखणं झाकते, चीर सांधत नाही. अंगात पाणी कमी असताना ती घेऊन उन्हात पळणं मूत्रपिंडालाही महागात पडतं. ही सुई द्यायची रीत कोणा एका कॉलेजची नव्हती, ती सगळीकडे होती आणि मला ती तेव्हाही पटत नव्हती.

पण सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारायचा असेल तर हा लेख इथेच ठेवा. दुखणं लपवण्यात सगळ्यांत पुढे तो मुलगाच असतो. "तुन्हा पाय दुखस का?" विचारलं की उत्तर ठरलेलं : "नही मॅडम." शिबिरातून नाव गेलं की प्रमाणपत्र गेलं, प्रमाणपत्र गेलं की पाच टक्के गेले, वसतिगृहातली जागाही कोणाच्या तरी तोंडाने मिळालेली असते, ती जाईल ही धास्ती वेगळीच. त्याच्या जागी मी असते तर मीही "नही मॅडम"च म्हटलं असतं.

मुलींचं लपवणं आणखी खोल. 2017 पासून जागतिक क्रॉसकंट्रीत बायकांचं अंतर पुरुषांइतकं, दहा किलोमीटर झालं, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धाही त्याच वाटेने गेल्या. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. आमच्या पिढीला तीन हजारांवर अडवून ठेवलं त्याचा राग अजून गेलेला नाही. पण अंतर वाढलं आणि ताट तेवढंच राहिलं. 2018 च्या सुमारास आदिवासी विभागाच्या शहरांतल्या वसतिगृहांत खानावळी बंद होऊन जेवणाचे पैसे खात्यावर यायला लागले. विरोध म्हणून मुलांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चासुद्धा काढला होता. खात्यावर पैसे आले की त्यातले निम्मे गावी जातात, हे सांगायला अर्थशास्त्र नको. उरलेल्यात दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पहाटे बारा किलोमीटर. अशा पोरीची पाळी तीन-चार महिन्यांत थांबते. शरीराला पळण्याला आणि स्वतःला दोन्हीला पुरेल एवढं इंधन मिळेनासं झालं की ते आधी पाळी बंद करतं, मग हाडांतलं काढून घेतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं. आमच्या भागात मात्र पाळी थांबली म्हणजे पोरगी फिट झाली, असं म्हणणारे प्रशिक्षक मी ऐकलेले आहेत. आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या मनात पाळी चुकल्यावर कोणती शंका येते ते बायकांना सांगायला नको. त्या शंकेच्या भीतीने पोरी कोणालाच काही बोलत नाहीत. कागदात गुंडाळायला काहीच नसताना दर महिन्याला मैत्रिणीकडून पॅड मागून आणणारी एक पोरगी मला माहीत आहे, रूममध्ये कोणाला कळू नये म्हणून.

आणि सिकलसेल, रक्तातला आनुवंशिक दोष. खानदेशातल्या धावपटूंविषयी लिहायचं आणि सिकलसेल टाळायचा हे होऊच शकत नाही.

गोंदूर रोडला सप्टेंबरातली सकाळ होती. पाऊस थांबून चार दिवस झालेले, हवा दमट, सातलाच ऊन चटके देत होतं. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडची एक पोरगी, संघातली तिसऱ्या क्रमांकाची, विद्यापीठाच्या निवडीआधीचा शेवटचा वेगाचा सराव. एकेक किलोमीटर जोरात, मध्ये जरा विसावा, असे पाच. चौथ्यात ती रस्त्याच्या कडेला गेली आणि बसली. पडली नाही, बसली. बरोबरचा तरुण प्रशिक्षक म्हणाला, "पोटऱ्यांत गोळा आलाय, स्प्रे मारू." मी हात लावून बघितलं. गोळा येतो तेव्हा पोटरी दगडासारखी होते आणि माणूस ओरडतो. हिच्या पोटऱ्या मऊ होत्या. ती ओरडत नव्हती, शुद्धीवर होती, बोलत होती. "मॅडम, पायमा जीवच नही," एवढंच म्हणाली. तिला सावलीत घेतलं, पाणी पाजलं, तोंडावर मारलं, रिक्षा बोलावली. दवाखान्यात तिची बॅग उघडली तेव्हा वहीच्या कव्हरात घडी घातलेलं पिवळं कार्ड निघालं. सिकलसेल वाहक. आश्रमशाळेत असतानाच तपासणी झाली होती. तिला माहीत होतं, घरी माहीत होतं, आम्हाला माहीत नव्हतं.

बापाला फोन केला. पोरगी बरी आहे म्हटल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता, आणि मग प्रश्न : "बाई, तिनं नाव काढी टाकश्यात का?"

भारतात सिकलसेलची नोंद 1952 ची, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. धुळे-नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा वस्त्यांतल्या पाहण्यांत साधारण पाचातल्या एकाच्या रक्तात तो गुण सापडलेला आहे. आई-बाप दोघांकडून आला तर आजार, कार्ड लाल. एकाकडून आला तर नुसता वाहक, कार्ड पिवळं. वाहक म्हातारा होईपर्यंत धडधाकट जगतो, शेती करतो, ऊस तोडतो. पण ऊन, पाण्याची तूट आणि दम तुटेपर्यंतचा जोर तिन्ही एकदम आले तर त्याच्याही तांबड्या पेशी वाकतात, स्नायूंना रक्त पोचत नाही, आणि तेव्हा "उठ, नाटक करू नको" म्हणणारा माणूस शेजारी असेल तर जीवही जातो.

अमेरिकेत हे भोगून कळलं. 1987 मध्ये तिथल्या लष्कराच्या नवशिक्या सैनिकांचा अभ्यास निघाला. कृष्णवर्णीय भरतीत वाहक असलेल्यांचा कसरतीदरम्यान अचानक मृत्यू होण्याचा धोका सुमारे 28 पट होता. 2006 मध्ये टेक्ससच्या राइस विद्यापीठात डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वाहक होता, कोणाला ठाऊक नव्हतं. आई-बापांनी दावा लावला. त्यातून 2010 पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयीन खेळाडूंची सिकलसेल तपासणी नियमात आली. महत्त्वाचं पुढेच आहे. तपासणीत वाहक निघालेल्याला संघातून काढत नाहीत. त्याचा सराव हळूहळू चढवतात, मध्ये विसावा देतात, पाणी देतात, थांबतो म्हणाला की थांबू देतात. 2016 मध्ये अमेरिकी लष्करातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा नवा अभ्यास आला, त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. मधल्या काळात लष्कराने पाण्याचे, उन्हाचे, विसाव्याचे नियम सगळ्यांनाच लागू केले होते. स्नायूंना इजा होण्याचा धोका वाहकांत जास्तच राहिला, मरण मात्र टळलं. यासाठी कोणतं यंत्र लागलं नाही, की औषध लागलं नाही.

मी त्या पोरीच्या बापाला सांगितलं, नाव राहील. राहिलंही. निवडीच्या शर्यतीत ती सहात आली नाही, आठवी आली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असल्या लेखांत पोरगी नेहमी पदक घेऊन येते.

आपल्याकडे धडा शिकायला मेलेली माणसं लागतात, आणि तरी शिकत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले. मग अंतर कमी करत करत आता पोलीस शिपायाला पुरुषांना 1600 आणि महिलांना 800 मीटर आहे. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडी राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत नवी मुंबईत पुन्हा पाच किलोमीटर, पुन्हा मृत्यू, आणि या खेपेला त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातला मुलगा. ही मुलं कॉलेजात आमच्याच हाताखालून गेलेली असतात. आम्ही त्यांना शिकवलेलं असतं की थांबायचं नाही.

मोठ्या खेळाडूच्या पाठीशी संस्था असते. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, मग धावायला लागला. एका परदेशी प्रशिक्षकाची कठोर पद्धत मानवली नाही तेव्हा तो आपल्या जुन्या लष्करी प्रशिक्षकाकडे परत गेला आणि 2022 ला बर्मिंगहॅमला 8 मिनिटं 11.20 सेकंदांत स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. 2025 च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर पडून त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली. त्याची नोकरी तशीच राहिली. धडगावच्या मुलाचा गुडघा देवपुरात तुटला तर तो पुढच्या एस.टी.ने गावी जातो आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा येतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या पाच बड्या गटांच्या विद्यापीठांनी ठराव केला की दुखापत झाली किंवा कामगिरी घसरली म्हणून खेळाडूची शिष्यवृत्ती काढता येणार नाही. त्यांच्याकडे त्यासाठी कोट्यवधी डॉलर आहेत हे खरं. आपल्याला त्यासाठी वसतिगृहातली एक खाट आणि एक फी-माफीचा अर्ज लागतो.

आउट्रमच्या पलटणीला निदान पगार होता. कॉलेजच्या धावपटूला पगार नाही, विमा नाही, पायाची हमी नाही. ढाल कॉलेजच्या कपाटात राहते, गुण विद्यापीठाच्या खात्यात जातात, दिल्लीत आझाद ट्रॉफीसाठी विद्यापीठांची मोजदाद होते. पोराच्या हातात प्रमाणपत्र येतं आणि तेही पडताळणीत अडकतं. त्याने दिलेलं आणि त्याला मिळालेलं यांचा ताळेबंद कधीच जुळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भरती बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. ती बंद झाली तर ती पोरं ऊसतोडीला जातील आणि तिथे तर घड्याळ लावूनही कोणी बघणार नाही.

माझी मागणी बारीक आहे. स्पर्धेच्या पात्रता अर्जांवर आम्ही जन्मतारीख लिहितो, बारावीचं वर्ष लिहितो, आधी कोणत्या विद्यापीठात होता ते लिहितो. त्याला जोडून आणखी एक पान लावावं : सिकलसेल, हिमोग्लोबिन, मागच्या वर्षीची दुखापत, आणि मुलींसाठी पाळीचा प्रश्न, जो बाईनेच विचारावा आणि बाईनेच ठेवावा. ते पान निवड समितीकडे जाऊ नये, सराव घेणाऱ्याकडे जावं. आणि ज्याला खेळावर प्रवेश दिला त्याची खाट आणि फी पदवीपर्यंत त्याची, मग तो धावो न धावो, हे प्रवेशाच्या दिवशी लिहून द्यावं. लेखी मिळालं तर ती "नही मॅडम" म्हणायची निम्मी गरज संपते.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे तपासणीला पैसे लागत नाहीत. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. संचालक मित्रांनो, तुमच्या ट्रायल जुलै-ऑगस्टमध्ये असतात. यंदा शिट्टी वाजवायच्या आधी सगळ्या पोरांना एकदा सरकारी दवाखान्यात घेऊन जा, आणि ज्याचं कार्ड पिवळं निघेल त्याला पहिल्या दिवशी सर्वांसमोर सांगा की तुझं नाव यादीत आहे.